वाकडे टाके

सकाळी मी गोधडीला घातलेले टाके दुपारी पुन्हा उसवलेले! आज चौथा दिवस. लकव्याने सासूबाईंचा उजवा हात लुळा पडला, म्हणून त्यांची अर्धवट गोधडी मी शिवायला घेतली, आणि त्याचं हे फळ?

"अहो आई, वाकडे असले तरी टाकेच ना? उसवता कशाला?" मी तणतणत आत शिरले.

आणि दारातच थिजले. डाव्या हाताने त्यांनी गोधडी दाबून धरली होती. दोरा ओढत होती उजव्या हाताची बोटं. चार महिने साधा चमचाही न धरलेली.

"वाकडे टाके बघवेनात गं," त्या ओशाळून म्हणाल्या. "हात कधी चालायला लागला, कळलंच नाही."

मी शेजारी बसले, सुई ओवली आणि पुढची ओळ मुद्दाम वाकडी घातली.