उताराआधीचा नाका

सायकल थांबली, पण मुलीला पाय टेकवता आला नाही. ती सायकलसकट नर्सच्या अंगावर कलंडली.

"काही नाही ताई, पाय जरा बधिर झालेत," ती हसत म्हणाली. "मीच पहिली ना?"

तीच पहिली होती. मागची मुलगी निदान चार मिनिटं मागे होती. नर्सने तिला तंबूत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि तिचे बूट काढले. उन्हाळी बूट, वरून जाळीचे. आत पातळ मोजे, घामाने ओलेचिंब. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. नर्सने अंगठ्याला नख रुतवलं.

"कळतंय?"

"काय?"

शर्यतीतला हा शेवटचा तपासणी नाका, खिंडीच्या माथ्यावर. इथून पुढे वीस किलोमीटर नुसता उतार. पाय हलवायचे नाहीत आणि समोरून बोचरा वारा. इथे नर्सने नाही म्हटलं की स्पर्धक बाद. यादीत या मुलीचं नाव दिसलं त्याच दिवशी नर्सने हा नाका मागून घेतला होता. काहीतरी खुसपट काढायचं आणि हिला बापाच्या डोळ्यांदेखत घरी पाठवायचं, एवढं ठरवूनच ती आली होती.

मुलीचा बाप म्हणजे सर. अकरा वर्षांपूर्वी नर्स त्यांची लाडकी शिष्या होती. शर्यतीच्या सकाळी तिने बुटांवर लोकरी खोळी चढवल्या होत्या. सरांनी त्या सगळ्यांसमोर ओढून काढल्या. "असली लोढणी बांधून कोणी जिंकत नाही. थंडी पायात नसते, डोक्यात असते." ती जिंकली. सरांनी तिला खांद्यावर घेऊन मिरवलं. महिन्याभराने तिच्या डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. सर दवाखान्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. पुढच्या मोसमात त्यांनी दुसरी मुलगी हेरली.

आता ते गाडीतून उतरून धावत तंबूत आले. नर्सला बघून त्यांचा चेहरा पडला.

"अगं, झालं गेलं ते मनात ठेवू नकोस. पोरीला सोड. धडधाकट आहे ती."

नर्स त्या पांढऱ्या बोटांकडे बघत राहिली. आणि तिच्या ध्यानात आलं, हिला अडवायची गरजच नाही. 'जा' म्हटलं की झालं. खाली पोचल्यावर सर लेकीला खांद्यावर घेतील, मिरवतील, आणि महिन्याभराने दवाखान्याच्या बाकावर डोकं धरून बसतील. नर्सला कोणी बोलही लावणार नाही. बापानेच सोड म्हटलं होतं.

तिने एक बूट उचलला, मुलीच्या पायात चढवला, पट्टा आवळला. अकरा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं तिला हलकं वाटलं.

"बरं झालं बाई," मुलगी म्हणाली. "चढावर नुसते ठणकत होते. आता अजिबात दुखत नाहीत."

दुसरा बूट नर्सच्या हातातच राहिला. मग तिने पहिल्या बुटाचा पट्टा सोडला.

"बाद," ती म्हणाली.

सर उसळले. "सूड उगवतेस? या पोरीवर?"

"खाली बसा सर. स्वेटर वर करा."

"काय?"

"स्वेटर वर करा म्हटलं."

तिने आवाज चढवला नव्हता, तरी सर बसले. तिने मुलीचे दोन्ही पाय त्यांच्या उघड्या पोटावर ठेवले आणि स्वेटर वरून खाली ओढला. सरांचा श्वासच अडकला. ते घाईघाईने पाय चोळायला लागले.

"चोळू नका. नुसते धरा."

बाहेर दुसरी सायकल आली, मदतनिसाने तपासून सोडली आणि ती उताराला लागली. मग तिसरी. मग दोन बरोबरच. मुलगी तोंडावर हात घेऊन मुसमुसत होती. सर मान खाली घालून बसले होते, त्यांचे दात वाजत होते. नर्स समोर उभी राहून डोळे भरून बघत होती.

"किती वेळ धरायचं?" शेवटी सरांनी विचारलं.

"ती दुखून ओरडेपर्यंत," नर्स म्हणाली. "ओरडली की समजा, बोटं वाचली. मी ओरडले नव्हते."