उलटं बॅनर

सुराबायाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये आमच्या दक्षिण स्टँडात वारनोकाकांचा आवाज सगळ्यांच्या वर. कोच गाढव आहे, मधली फळी झोपा काढते, हे आम्हीही म्हणायचो. पण काकांचा सगळा राग एकट्या लेफ्ट बॅकवर, डावी बाजू राखणाऱ्या गालिहवर. त्यानं चेंडूला पाय लावायचा अवकाश, हे उभे. "अरे काढा त्याला बाहेर! ओंडका आहे नुसता! कोच, डोळे फुटले का तुझे?"

हळूहळू अख्खा स्टँड तेच ओरडायला लागला.

संघानं लाज आणली की आम्ही बॅनर उलटं टांगतो. या वेळी मी खास काकांसाठी गालिहच्या नावाचं बॅनर रंगवून नेलं. "काका, दुसरं टोक तुम्ही बांधा. मान तुमचा."

काकांनी नाव वाचलं. मग टोक कठड्याला बांधायला घेतलं, पण गाठ काही बसेना.

"आज कोचला काढावंच लागेल त्याला," मी म्हणालो. "पण काका, एवढा का हो डूख धरलाय? पोरात गुण आहेत तसे."

"पाय राहिला तर गुण." काका मैदानाकडे बघत म्हणाले. "दुखणं कोचला सांगत नाही. मी सांगू नये म्हणून मला शपथ घातलीय. घरी पहाटे माझ्या शेजारी नमाजाला येतो, तेव्हा खुर्ची लागते. गुडघा दुमडत नाही रे माझ्या पोराचा."