एका हंगामाचं गवत

"हे पोतं परत कर," म्हातारा म्हणाला. "हे गवत उन्हाळ्याबरोबर मरतं."

लेक बियाण्याच्या पोत्याची शिवण उसवत होती. "पण झटपट वाढतं, बाबा. दीड महिन्यात गाई आत सोडता येतील."

"आणि पुढच्या वर्षी काय?"

ती खाली मान घालून दोरा ओढत राहिली. तिथेच म्हाताऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

जन्मभर गाई राखलेल्या माणसाला गवतावरून माणूस कळतो. ज्याला राहायचं असतं, तो कायमचं गवत लावतो. त्याचे ठोंब, मुळांसकट काढलेले झुबके, हातानं रोवायचे, मुळं धरेपर्यंत पहिलं अख्खं वर्ष गाईला आत पाऊल टाकू द्यायचं नाही. मग पुढे कितीतरी वर्षं बघायला नको. एका हंगामाचं गवत पेरतो तो जाणारा माणूस. कुरणात काय लावायचं हे या घरात आजवर म्हाताऱ्यानंच ठरवलं होतं. यंदा त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

संशयाला खतपाणीही कमी नव्हतं. गेल्या महिन्यात तो गोठ्यात चक्कर येऊन पडला. दवाखान्यात तपासण्या झाल्या. 'अशक्तपणा आहे,' एवढंच लेकीनं सांगितलं. तेव्हापासून फोन वाजला की ती गोठ्यामागे जायची. परवा तर एक चकचकीत बुटांचा पाहुणा आला. म्हणे गाई बघायला! गाई बघायला आलेला माणूस कास बघतो, दात बघतो. यानं एकीच्याही पाठीवर हात ठेवला नाही. म्हाताऱ्याशेजारी बसून जेवण जातं का, झोप लागते का, विचारत राहिला. निघताना त्याचा हात हातात घेतला तो सोडेचना. गोडबोल्या दलाल, दुसरं काय? आधी म्हाताऱ्याला घोळात घ्यायचं, मग सह्या घ्यायच्या.

तो पोत्याशेजारच्या बाकावर टेकला. एवढ्यानंच धाप लागली होती. पट्ट्याला नवं भोक पाडूनही पँट घसरत होती.

"सरळ सांग. कुरण विकलंस? की गाईसकट सगळंच? मी डोळे मिटेपर्यंत तरी थांबायचं होतंस."

लेकीचा हात थांबला.

"तो दलाल नव्हता, बाबा. डॉक्टर होते ते. खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना दारातूनच हाकललं असतं."

"मग हे गवत?"

"कायमच्या गवतात गाई सोडायच्या म्हणजे पुढचा उन्हाळा उजाडणार." तिनं उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "तुम्हाला गाई हिरव्यात चरताना दिसायला हव्यात."

म्हातारा कुंपणापलीकडच्या उघड्या मातीकडे बघत राहिला. आधी त्याला भीती वाटली, मग लाज. एका हंगामाचं गवत जाणाऱ्याचं असतं, हे त्याचं बरोबरच होतं. जाणारा कोण, एवढंच चुकलं होतं.

मग तो उठला. पोत्यातून मूठभर बी घेऊन तळव्यावर चोळलं, फुंकर मारून पाहिलं. फोल एकही नव्हतं. पोरीला बी पारखता येत होतं.

"अर्ध्यातच पेर हे," तो म्हणाला. "उरलेल्यात आजच ठोंब लावू. पुढच्या उन्हाळ्यात तुला लागतील."