सोलापुरातला हीटर

मे महिन्याच्या भर दुपारी होटगीकर वकिलांनी काचा वर करून जुनी जर्मन गाडी सुरू केली. पायाशी गरम वारा आला.

"झकास," घाम पुसत ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या यमुल मिस्त्रींचा ऊर भरून आला. सायलेन्सरच्या धगीवर हवा तापवणाऱ्या पत्र्याच्या पेट्या त्यांनी स्वतः ठोकून घडवल्या होत्या. गेल्या साली मूळचा हीटर नाही म्हणून गाडी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातून परत पाठवली होती. गरम हवा बंद करायला झडप लागते, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

यंदा गाडीला पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्याच दिवशी वकील गॅरेजच्या दारात.

"मिस्त्री, एसी बसवा. बायको गाडीत पाय ठेवत नाही."

"मग पेट्या काढू?" मिस्त्रींनी जड मनानं विचारलं.

"छे. गाडी ओरिजिनल राहिली पाहिजे."