पुण्याच्या तीन खेपा

दुसरा चहा अजून अर्धाही झाला नव्हता, तोच मंजुश्री रस्ता ओलांडून परत आली. गुलाबरावांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास.

"झाली परीक्षा?"

"झाली."

"पहिल्या बारीले चार तास बसली होती तू."

"आता लवकर झालं, बाबा."

गुलाबराव आतून पेटले. बुलढाण्याहून मलकापूरपर्यंत एसटी, पुढे पुण्यापर्यंत रेल्वेत दारापाशी अंग चोरून रात्रभर उभं राहायचं, आणि ही बाई अर्ध्या तासात मोकळी. नापास व्हायलासुद्धा माणूस थोडा वेळ घेतो.

ही तिसरी खेप होती. दर खेपेला परीक्षेची जागा नवी. एकटीनं जाते असं तिनं सुरुवातीलाच सांगून पाहिलं होतं. "लगन झालं का जाय कुठं बी. तोवर माह्या संगं," गुलाबराव म्हणाले होते. त्यामुळे ती आत आणि ते समोरच्या टपरीवर, अशी पद्धत पडली. मागच्या खेपेला तर ती हाताला कापूस चिकटवून बाहेर आली. चक्कर आली, सुई दिली, म्हणाली. "पेपर लिहून मंग पडायचं होतं," असं त्यांनी मलकापूर येईपर्यंत चारदा ऐकवलं होतं.

हे फ्रेंच भाषेच्या परीक्षेचं खूळ घरात आणलं व्याह्यांनी. मलकापूरच्या शेषरावांचा मुलगा संघपाल चाकणला वेल्डर होता. साखरपुडा थाटात झाला. तारीख काढायला बसले तेव्हा शेषरावांनी हळूच अट पुढे सरकवली. मुलाला कॅनडाला जायचंय. एजंट म्हणतो, बायकोला फ्रेंच येत असेल तर अर्जाला गुण वाढतात. पोरगी नर्स आहे, हुशार आहे, शिकून घेईल. लग्न निकालानंतर.

"मंग पोरगंच काऊन शिकत नाही?" घरी आल्यावर तानाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"त्याले ड्युटीतून टाइम नाही म्हणते."

"अन् हिले हाय?"

मंजुश्रीची दवाखान्यात बारा तासांची ड्युटी होती. तरी ती पहाटे चारला उठून मोबाइलवर शिकवणीला बसू लागली. ते नाकातून बोलणं ऐकून पोरीला सर्दी झाली असं समजून तानाबाईंनी आठवडाभर तिला हळदीचं दूध पाजलं.

मंजुश्रीनं सांगितलं, पहिल्या खेपेला नापास. दुसऱ्या खेपेला नापास. लग्न दोन वर्षं लांबलं. "तारीख निघाली काय हो?" असं गल्लीतला जो तो विचारायचा. गुलाबरावांनी भाजीला जायचा रस्ता बदलला.

तिसऱ्या निकालाची वाट पाहता पाहता तर त्यांचा जीव मेटाकुटीला आला. एक महिना गेला, दोन गेले, पाच गेले.

"दहावीच्या लाखो पोरायचा निकाल दोन महिन्यात लागते," ते म्हणाले, "अन् हिच्या एकटीचा पेपर तपासाले पाच महिने? लोकं काय जहाजानं पाठोतेत काय पेपर?"

एका संध्याकाळी मंजुश्री ड्युटीवरून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "नाही झालं, बाबा."

डोळ्यांत टिपूस नाही. गुलाबरावांना नापास होण्यापेक्षा त्याचाच जास्त संताप आला. पण सोयऱ्याशी खोटं बोलणाऱ्यातले ते नव्हते. अंगणात जाऊन त्यांनी शेषरावांना फोन लावला.

शेषरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जणू उत्तर आधीच तयार होतं.

"गुलाबराव, आमच्या पोराचं वय निंघून चाललं. एक दुसरी पोरगी पाहून ठेवली आम्ही. तिनं पहिल्याच झटक्यात परीक्षा काढली. तुम्ही वाईट वाटून घेऊ नोका."

फोन बंद झाला तरी गुलाबराव तो कानाला लावून उभे होते. दोन वर्षं ज्या पोरीवर ते चिडले, तिची आता त्यांना फार दया आली. एवढी चुणचुणीत लेक. तिला आपण दुसऱ्याच्या गुणांसाठी जुंपलं, आणि वर टोमणे मारले. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते स्वयंपाकघरात आले. मंजुश्री आईजवळ बसून कांदा चिरत होती.

"मंजू, सोयरीक तुटली."

तानाबाईंनी गॅस बंद केला. मंजुश्रीची सुरी थांबली.

"त्यायनं सोताहून तोडली?"

"हाव."

"पक्कं?"

"पक्कं. पण तू रडू नोको," गुलाबराव म्हणाले. ती रडत नव्हती. "आपण चौथ्या बारी जाऊ. त्या शेषरावले पास होऊन दाखवू. मी येतो तुह्या संगं."

मंजुश्रीनं हात धुतले. आतल्या कपाटातून एक फाइल आणली आणि बापासमोर एकेक कागद ठेवू लागली.

"हे पहिल्या बारीचं, बाबा. फ्रेंचचा निकाल. पास."

गुलाबरावांनी कागद उचलला.

"हे दुसऱ्या बारीचं. तब्येतीची तपासणी. हे तिसऱ्या बारीचं. बोटायचे ठसे."

तारखा त्यांना तोंडपाठ होत्या. तिन्ही दिवस ते समोरच्या टपरीवर चहा पीत बसले होते. शेवटी तिनं पासपोर्ट उघडून ठेवला. त्यात कॅनडाचा व्हिसा होता, तिच्या फोटोचा, तिच्या एकटीच्या नावाचा.

"चौथ्या बारी तुम्हाले यावंच लागीन, बाबा. मुंबईच्या विमानतळावर," मंजुश्री म्हणाली. "पण वापस येतानी तुम्ही एकलेच येसान."