घराची पाटी

जीवदानीच्या डोंगराकडे तोंड करून सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या कालवणात जन्मभर मीठ पडू नये.

धर्माचा ट्रक पहाटेपासून पेल्हारजवळ हायवेवर उभा होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला टँकर. समोरच्या कंटेनरवर मागे एक मोर रंगवलेला होता. त्याचं पीसन् पीस आता धर्माला पाठ झालं होतं. चहावाल्याची किटली रिकामी होऊन पुन्हा भरून आली, तरी मोर जागचा हलला नव्हता.

जीव सगळा गावात, वटारमध्ये अडकलेला. घर तासाभरावर, आणि घरी त्याचा पासपोर्ट आलेला. आलेला म्हणजे पोस्टमनच्या पिशवीत आलेला. ज्याचा पासपोर्ट त्याच्याच हातात, तोही लिहिल्या पत्त्यावर, असा ॲन्सेल्म पोस्टमनचा कायदा. दोनदा येऊन गेला. तेव्हा धर्मा एकदा वापीला, एकदा पनवेलला. आज शेवटचा दिवस. आज नाही घेतला तर आल्या वाटेने परत. आणि उद्या सकाळी अंधेरीला मुलाखत. मस्कतला ड्रायव्हर पाहिजेत. तिथले रस्ते म्हणे असे रिकामे, की समोरून गाडी आली तर लोक खूश होऊन हात करतात.

फोन वाजला. त्याची आई, पुतळाबाई.

"धरम्या, ॲन्सेल्म आलाय. कुठं पोचलास?"

"पेल्हारला."

"सकाळी पन पेल्हारलाच होतास."

"आता पण पेल्हारलाच आहे, आई! रिक्षा करून येतो म्हटलं. दोनदा उतरलो. पाय खाली टेकला की रांग दहा हात पुढे सरकते आणि मागचे माझ्या सात पिढ्या काढतात. वर चढलो की परत ठप्प. त्याला सांग, जरा थांब."

"तो म्हनतो, तुझी वाट बघता बघता त्याची पेन्शन चालू होईल."

"मग तुझ्या हातात दे म्हणावं!"

"मी काय गप बसलेय? म्हनतो, काकी, फोटोत तुम्ही नाय."

धर्माने स्टिअरिंगवर असा हात आपटला की हॉर्न वाजला. मागच्याला वाटलं, सुटली वाटतं रांग. त्याने वाजवला. त्याच्या मागच्याने वाजवला. असं करत हॉर्न मनोरपर्यंत गेला, आणि मनोरला एका कोंबडीने दचकून दोन बलकांचं अंडं दिलं.

"बोंबलू नको," पुतळाबाई म्हणाली. "तिथंच थांब. हलू नको."

"हलू नको? अगं, हलू नको काय!"

फोन कधीच बंद झाला होता.

दुपार कलली तेव्हा धर्माला आरशात एक स्कूटर दिसली, कडेच्या धुळीतून डुगडुगत येणारी. पुढे खाकीतला ॲन्सेल्म. मागे पुतळाबाई, पदराखाली काहीतरी चपटं दडवून.

"आधी हिला उतरव," ॲन्सेल्म धर्माला म्हणाला. "तुझ्या दारात माझ्या स्कूटरवर बसली ती बसलीच. म्हटलं काकी, उतरा. तर म्हणाली, तूच उतर."

"बरं केलंस आलास. आण इकडे."

ॲन्सेल्मने धर्माचं आधार कार्ड पाहिलं. फोटो पाहिला. धर्माचं धुळकट तोंड पाहिलं. आपला रुमाल देऊन ते पुसायला लावलं आणि पुन्हा पाहिलं. पाकीट मात्र छातीशीच.

"माणूस बरोबर आहे. पत्ता कुठे?"

"अरे, माणूस समोर आहे ना!"

"माणूस आहे. घर नाही. हायवेवर दिलं म्हणून लिहू?"

"ह्याच केबिनमध्ये झोपतो मी! इथेच जेवतो, इथेच दाढी करतो, ताप आला तर इथेच पडतो!" धर्माचा आवाज फाटला. "आणखी कसलं घर पाहिजे तुला?"

बाजूच्या टँकरवाल्याने मान बाहेर काढली.

पुतळाबाई स्कूटरवरून उतरली. पदराखालून तिने पत्र्याची निळी पाटी काढली. घर नंबर ३१४, वटार. दारावरून उपटलेली, वाकडे खिळे अजून तिच्यातच. ट्रकच्या आरशाला तिने ती सुतळीने बांधली, दोन पावलं मागे होऊन पाहिली, परत जाऊन सरळ केली.

"वाच," ती ॲन्सेल्मला म्हणाली.

ॲन्सेल्मने वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग टोपी नीट केली, पायरीवर चढला, आणि धर्मा उघड्या खिडकीत नाकासमोर बसलेला असताना दारावर टकटक केली.

"पोस्टमन! कोण आहे का घरात?"

धर्माने दात आवळले. "आहे."

सही झाली. पासपोर्ट हातात आला. धर्माने पानं उलटून पाहिली, सगळी कोरी करकरीत. आणि त्याच वेळी समोरचा मोर हलला. रांग सुटली! धर्माने गिअर टाकला. पाटी खडखड वाजवत ट्रक निघाला, आणि पुतळाबाई धुळीत उभी राहून हात करत राहिली.

बरं, बरं. जीवदानीला तोंड दाखवायचंय मला. मोर हलला, तेवढं एक मी पदरचं घातलं.

बाकी सगळं खरं. अंधेरीची वेळ टळून गेली तेव्हा धर्मा त्याच मोराकडे बघत होता, आणि पुतळाबाई ट्रकच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. धर्माच्या घरचं त्या दिवशीचं टपाल ॲन्सेल्मने वटारला नेलंच नाही. तो सरळ पेल्हारला आला आणि दार वाजवलं.