कळवून केलेली तपासणी

भालचंद्र गुरुजींनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि अहवालाचं शेवटचं पान उघडलं. आता दोनच गोष्टी राहिल्या होत्या. एका मुलीशी बोलणं आणि खाली सही.

सही झाली की मुलींच्या या बालगृहाची परवानगी आणखी पाच वर्षांसाठी वाढणार होती. नाही झाली तर पोरींना दुसरीकडे हलवावं लागलं असतं. तपासणी समितीत गुरुजी धरून पाच जण होते, पण त्यांनी सही केली की बाकीचे चौघे डोळे झाकून करत. निवृत्त मुख्याध्यापक, सरळ माणूस. त्यांच्या शब्दाला मेहकरात अजून वजन होतं.

तीन वर्षांत ही त्यांची बारावी भेट. प्रत्येक वेळी ते आदल्या दिवशी फोन करून येत. न कळवता जावं, असं नियमात लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. पण न सांगता कुणाच्या दारात उभं राहायचं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात ते सासुरवाडीलासुद्धा कधी अचानक गेले नाहीत. समितीतली तरुण मंडळी कुरकुर करत, तेव्हा ते त्यांना समजावत, की आपण तपासणीला जातो, धाड घालायला नाही. चांगल्या माणसांवर असा संशय घेऊ नये.

आणि अधीक्षक शारदाबाई चांगल्याच होत्या, याबद्दल गुरुजींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आजही अंगणात सडा पडलेला होता. पोरींच्या वेण्या घट्ट, फ्रॉक इस्त्रीचे. स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास येत होता. बत्तीस पोरी रांगेत उभ्या राहिल्या आणि शारदाबाईंनी हातातल्या यादीत बघून एकेकीचं नाव पुकारलं. नावं घेताना त्या चुकल्या नाहीत की अडखळल्या नाहीत. दोघीतिघींना मात्र शेजारणीने कोपराने ढोसावं लागलं, मग त्या ‘हजर’ म्हणाल्या. लाजतात बिचाऱ्या, असं गुरुजींना वाटलं. त्यांचं मन भरून आलं. या लेकरांना जगात कुणी नसेल, पण शारदाबाई तर आहेत.

यंदाच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढला होता. एखाद्या मुलीशी एकटीशीच बोलावं, तिथे कर्मचारी नसावेत. आजवर शारदाबाई शेजारी बसूनच असत आणि मुलगी अडली की प्रेमाने सांगत. गुरुजींनी संकोचतच त्यांना रकाना दाखवला. बाईंनी तो पुन्हा एकदा वाचला, मग त्या हसल्या.

“विचारा ना गुरुजी. आपल्याकडे लपवायसारखं काय आहे?”

एक मुलगी त्यांनीच निवडून आत पाठवली आणि दार ओढून घेतलं.

मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. फ्रॉकच्या कॉलरवर लाल दोऱ्याने अकराचा आकडा काढलेला होता. धुण्यात कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून केलं असणार, गुरुजींनी ताडलं. बाईंच्या टापटिपीचं त्यांना पुन्हा कौतुक वाटलं.

त्यांनी सवयीने थेट प्रश्नांना सुरुवात केली. शाळेत रोज जातेस का, दुखलं-खुपलं तर डॉक्टर येतात का, कुणी मारतं का. पोरगी भिंतीकडे बघून प्रत्येकाला “हाव” म्हणाली. मारण्याच्या प्रश्नालाही आधी “हाव” म्हणून गेली, मग घाईघाईने “नाही” म्हणाली. घाबरली असेल, म्हणून गुरुजींनी ‘नाही’ लिहिलं. जेवायला काय मिळतं, असं विचारल्यावर तिने वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी आणि शिरा एका दमात सांगून टाकलं. गुरुजी हसले. पाठांतर चांगलं होतं पोरीचं.

शेवटी त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात ‘समाधानकारक’ लिहिलं. हा शब्द लिहायला त्यांना नेहमीच आवडे. बाहेर शारदाबाई कुणाला तरी ताटं मांडायला सांगत होत्या. तीनची एसटी सहज मिळाली असती. त्यांनी पेन सहीच्या जागेवर टेकवलं आणि एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

पहिलाच रकाना कोरा होता. मुलीचं नाव.

त्यांचं त्यांनाच हसू आलं. आयुष्यभर हजेरी घेतलेला माणूस, सगळं विचारलं आणि नावच विसरला. त्यांनी पेन उचलून वरच्या रकान्याशी नेलं.

“तुझं नाव काय बेटा?”

मुलीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. उत्तर चुकू नये अशी तिची धडपड चालली होती. कपाळाला आठी घालून ती जराशी पुढे वाकली आणि हळूच तिने विचारलं,

“आजचं सांगू का रोजचं?”